दोन पात्रांनी मोडलेला दुष्काळ : यादवकालीन सिन्नरसाठी केलेल्या नियमबदलाचे प्रकरण

नाशिकच्या इंदिरानगर भागात रविवारी दुपारी जमणारा एक गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, पात्रे घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट रचत जाण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरून तेराव्या शतकातल्या यादवकालीन प्रदेशात खेळतो. गटात पाच खेळाडू आहेत. गोष्ट पुढे नेणारी आणि जगाच्या वतीने उत्तरे देणारी सूत्रधार पेशाने इतिहासाची शिक्षिका आहे, आणि खेळाडूंपैकी एक जण सिन्नर तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातला आहे. या दोन गोष्टींचा पुढच्या साऱ्या घडामोडींशी जवळचा संबंध आहे. गटाने तयार केलेला मराठी नियमांचा मसुदा तपासण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून पाहता आले. कल्पनारम्य खेळाचे नियम मध्ययुगीन वळणाच्या जगात नेताना नेमके काय बदलावे लागते, हे त्यात फार स्पष्टपणे दिसते; म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

खेळाचा काळ रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतला, म्हणजे १२७१ नंतरचा आणि अलाउद्दीन खलजीच्या १२९६ च्या देवगिरीवरील स्वारीच्या आधीचा ठरवला होता. प्रदेश नाशिक, त्र्यंबक, सिन्नर आणि चांदवड यांच्यामधला. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी, पण तोवर राजसत्ता देवगिरीला जाऊन बराच काळ लोटला होता. गोंदेश्वराचे मंदिर मात्र उभे होते. राजधानी हलल्यानंतर मागे राहिलेले गाव हे गोष्टीसाठी अतिशय सकस स्थळ आहे, कारण तिथे जुने मानपान शिल्लक असतात आणि त्यांना पोसणारा पैसा आटत गेलेला असतो.

सूत्रधाराने रचलेली गोष्ट साधी होती. सिन्नरजवळच्या एका काल्पनिक वाडीत लागोपाठ दोन वर्षे पाऊस झालेला नाही. वाडीत सव्वाशेच्या आसपास माणसे आहेत. वैशाख चालू आहे. गावाने अडीअडचणीसाठी भरून ठेवलेले धान्याचे पेव, म्हणजे जमिनीत खणलेले कोठार, उघडले, तर ते जवळपास रिकामे निघाले. धान्य कुणी काढले आणि आर्द्रा नक्षत्रापर्यंत गाव तगणार कसे, हे दोन प्रश्न खेळाडूंपुढे ठेवले होते. या गोष्टीवर चार-पाच बैठका सहज जातील, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात ती पहिल्याच बैठकीत संपली, आणि ती कशी संपली याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पात्रे पाचव्या पातळीवर, म्हणजे बऱ्यापैकी मुरलेली होती; मंत्रांच्या पातळ्या त्यांच्या ताकदीनुसार वेगळ्या मोजतात. त्यांतल्या ड्रुइडजवळ, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राजवळ, ‘गुडबेरी’ हा पहिल्या पातळीचा मंत्र होता. त्यातून दहा फळे सिद्ध होतात आणि एका फळावर एका माणसाचा दिवस निघतो. पाचव्या पातळीच्या ड्रुइडला दिवसाला पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ असे एकूण ९ स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणण्याच्या संधी, मिळतात. सगळे याच मंत्रावर खर्च केले तर ९० माणसे जेवतात. क्लेरिकजवळ, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र चालवणाऱ्या पात्राजवळ, अन्न आणि पाणी निर्माण करण्याचा तिसऱ्या पातळीचा मंत्र होता. तो एका वेळी १५ जणांना पुरतो, दोनदा म्हटला तर ३० जणांना. बेरीज १२०. क्लेरिकच्या उरलेल्या स्लॉटमधून पाणी काढले तर, नियमपुस्तकातले गॅलन लिटरमध्ये मांडल्यावर, एकूण सुमारे ६०० लिटर भरते, म्हणजे माणशी पाच लिटर. रात्री आठ तास झोप झाली की सकाळी सगळे स्लॉट परत मिळतात. दोन माणसे झाडाखाली बसून रोज असे करू लागली, तर वाडीला ना पाऊस लागतो, ना पेव.

खेळाडूंनी यात काहीही गैर केले नव्हते. भुकेलेली माणसे समोर आहेत आणि हातात अन्न आहे, तर ते देणे हे पात्रांच्या दृष्टीने एकच योग्य कृत्य होते. सूत्रधारानेही त्यांना अडवले नाही. पेव कुणी रिकामे केले हा प्रश्न मात्र त्यामुळे बिनमहत्त्वाचा झाला. क्लेरिकने जाणूनबुजून खोटे बोलू न देणारा दुसऱ्या पातळीचा मंत्र वापरण्याची तयारी दाखवली, तेव्हा तोही पाच मिनिटांत सुटणार हे सर्वांना कळून चुकले.

नावे बदलून काय बदलते

गटाने खेळ सुरू करण्यापूर्वी बरेच काम केले होते. एल्फ आणि ड्वॉर्फ हे काल्पनिक वंश काढून सर्व पात्रे माणसेच ठेवली होती, ऑर्क या राक्षसी शत्रूंच्या जागी वाटमारे आले होते, पॅलडिन या धर्मयोद्ध्याला मठाचा व्रतस्थ योद्धा केले होते. शस्त्रांची आणि पदार्थांची नावे मराठी होती. हे सगळे मनापासून केलेले काम होते आणि ते टेबलावर छान दिसतही होते. परंतु ज्या आकड्यांवर जग चालते त्यांना त्याने हात लावला नव्हता.

या खेळाचे मूळ पाहिले तर हे का घडते ते कळते. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा मध्ययुगीन लढायांचा ‘चेनमेल’ हा खेळ आला; त्याला कल्पनारम्य पुरवणी जोडलेली होती. त्याच वाटेने पुढे १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. मध्ययुग त्यात शस्त्रे, चिलखते आणि किल्ले यांच्या रूपाने आले. शेती, दुष्काळ आणि न्याय यांचे मध्ययुग त्यात फारसे आले नाही, कारण भुयारात उतरून खजिना काढणाऱ्या मंडळींना त्याची गरज नव्हती. भुयारात चार दिवस काढणाऱ्या टोळीला अन्न पुरवणारा मंत्र ही सोय असते. हाच मंत्र गावात नेला की ती राज्यव्यवस्था होते.

म्हणून मसुदा तपासताना मी गटापुढे एकच कसोटी ठेवली: प्रत्येक नियमाने कोणती गोष्ट स्वस्त केली आहे ते दिवसाच्या हिशेबात मोजावे, आणि आपल्या काळात ती गोष्ट महाग असेल तरच त्या नियमाला हात लावावा. कायदेशीर अडचण नव्हती. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भ-दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला असल्यामुळे श्रेय देऊन त्याचे भाषांतर करता येते, बदलता येते आणि वाटताही येते.

विश्रांती आणि बोरे-करवंदे

गटाची पहिली मागणी बंदीची होती. अन्नाचे, पाण्याचे, सत्य वदवणारे, मेलेल्यांना उठवणारे असे सगळे मंत्र वगळायची यादी तयार झाली होती. माझे मत वेगळे होते. मंत्र वगळला की खेळाडूच्या हातून एक साधन जाते आणि जगात त्याच्या जागी काहीच येत नाही. त्याऐवजी आधी विश्रांतीचा नियम बदलून पुन्हा हिशेब करावा, असे ठरले.

नियमपुस्तकात यासाठी एक पर्याय आधीच दिलेला आहे: छोटी विश्रांती एका तासाऐवजी आठ तासांची आणि मोठी विश्रांती आठ तासांऐवजी सात दिवसांची. तो लावताच चित्र पालटते. दिवसाला ९० माणसे जेवू घालणारा ड्रुइड आता आठवड्याला ९० फळे देतो, म्हणजे दिवसाला जेमतेम १३. क्लेरिकचे ६०० लिटर पाणी आठवड्यावर पसरले की माणशी रोज एक लिटरसुद्धा येत नाही. मंत्राचा एक शब्दही न बदलता दुष्काळ पुन्हा दुष्काळ झाला. वगळायच्या यादीतली निम्म्याहून अधिक नावे या एका बदलाने खोडली गेली, आणि हाच या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा मला वाटतो.

सात दिवसांची विश्रांती कुठे घ्यायची, हा पुढचा प्रश्न होता. गटाने ती मठ, देवालयाची ओवरी, धर्मशाळा किंवा ओळखीचे घर अशा आसऱ्याच्या जागीच मिळेल असे ठरवले, आणि त्या सात दिवसांत पात्राने एखादे व्रत किंवा अनुष्ठान पाळायचे. यादवांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताने व्रतांवर प्रचंड ग्रंथभाग लिहिला, त्या काळात हा नियम उपरा वाटत नाही. आसरा लागतो म्हटले की तो देणारा यजमान आला, त्याचे उपकार आले, त्याच्या अटी आल्या. जादूगाराला गावाशी चांगले राहावे लागू लागले.

या पर्यायाचा एक दुष्परिणाम आहे आणि तो लक्षात न घेणारे गट पुढे अडचणीत येतात. मंत्रांचे कालावधी जुन्या विश्रांतीला बेतलेले असतात. विझर्डचे, म्हणजे पोथ्यांतून जादू शिकलेल्या पात्राचे, मंत्र-चिलखत आठ तास टिकते. मूळ नियमांत तेवढ्यात धामधुमीचा सगळा दिवस निघतो, पण आठवड्यातून एकदा स्लॉट मिळू लागले की तेच आठ तास अगदीच तोकडे पडतात. गटाने एक तासाचे मंत्र एका दिवसाचे आणि आठ तासांचे मंत्र तीन दिवसांचे केले. गुडबेरीची २४ तासांची मुदत मात्र मुद्दाम तशीच ठेवली, नाहीतर साठवण सुरू झाली असती.

शेतकरी कुटुंबातल्या खेळाडूने इथे एक सूचना केली, जी मला संपूर्ण मसुद्यातली सर्वांत सुंदर सूचना वाटते. मूळ नियमात फळे हातात आपोआप येतात. त्याऐवजी खरी फळे आणावीत आणि मंत्राने ती सिद्ध करावीत. आता वैशाखात सिन्नरच्या पठारावर फळ कुठले मिळणार? बोरांचा हंगाम थंडीतच सरलेला असतो. करवंदे असतात, पण ती पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत, जिथे पाऊस धो धो पडतो. सिन्नर त्या डोंगरांच्या आडोशाला, पर्जन्यछायेत. म्हणजे कुणीतरी डोंगरात जाऊन पाट्या भरून आणायला हव्यात, जाऊन-येऊन चार-पाच दिवस तरी मोडणार, वाटेत वाटमारे, आणि करवंदे तोपर्यंत टिकायला हवीत. एका छोट्या अटीने नकाशावरच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंना अर्थ आला.

नाणी, चिलखत, मरण

पैशाचा नियम हिशेबाने सहज सुटला. मूळ पुस्तकात कुशल कारागिराची मजुरी दिवसाला दोन सुवर्णनाणी आहे, आणि पन्नास नाण्यांचे वजन एक पौंड, म्हणजे एक नाणे सुमारे ९ ग्रॅमचे. सुताराला रोज १८ ग्रॅम सोने देणारा गाव दुष्काळात असू शकत नाही. यादवांचा पद्मटंक हे सोन्याचे नाणे पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरते आणि ते रोजच्या बाजारातला पैसा नव्हे. गटाने दरपत्रकात जिथे सोने लिहिले आहे तिथे चांदीचा द्रम्म वाचायचा, त्याखाली तांब्याची नाणी आणि अगदी खाली कवड्या, असे ठरवले. घोडे तेवढे सोन्यातच ठेवले, कारण चांगला घोडा अरबस्तान आणि इराणकडून समुद्रमार्गे येई आणि घाट चढून वर येईतो त्याची किंमत आणखी चढलेली असे.

चिलखतावर फारसा वेळ गेला नाही. अंगभर पोलादी पत्र्यांचे, पासष्ट पौंडांचे चिलखत युरोपातही या काळानंतरचे आहे, आणि दख्खनच्या उन्हात ते घालून चालणारा माणूस शत्रूआधी उष्माघाताने पडेल. कड्यांच्या जाळीचे चिलखत ही वरची मर्यादा ठेवली, आणि ढालीच्या संरक्षणाचा आकडा एकाने वाढवून योद्ध्यांचे नुकसान काही अंशी भरून काढले.

मरणाचा प्रश्न मात्र खोल गेला. मूळ खेळात तीनशे सुवर्णनाण्यांच्या हिऱ्यांवर नुकताच मेलेला माणूस उठतो आणि पाचशेच्या हिऱ्यावर दहा दिवसांपूर्वी मेलेला. हे दोन्ही मंत्र गटाने काढून टाकले. इथे बंदीच योग्य होती, कारण विश्रांती लांबवून हा हिशेब बदलत नाही. पण बंदीने रिकामी झालेली जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही. महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, उभे आहेत. त्यांच्या खालच्या चौकटीत झुंज आणि पतन, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा अशी मांडणी सर्रास दिसते. पात्र मेले की त्या खेळाडूने खालची चौकट सांगायची, म्हणजे आपण कशासाठी पडलो. मधली चौकट साथीदारांनी सांगायची, म्हणजे त्यांनी त्याच्यासाठी काय केले. वरची चौकट सूत्रधाराने सांगायची, म्हणजे गाव त्याला कसे आठवते. त्यानंतर ज्या कामासाठी तो पडला त्याच कामात कुणी पात्र उतरले, तर त्या गावाच्या शिवेत एकदा वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. आकड्यांत हा लाभ लहान आहे. पण मेलेले पात्र गोष्टीत राहते आणि गावाला त्याचे ऋण राहते, हे पुनरुज्जीवनाच्या मंत्राने कधी साधले नसते.

जन्मावरून आकडा नाही

एल्फ-ड्वॉर्फ काढल्यावर पात्रांच्या तक्त्यात वंशाची जागा मोकळी झाली होती. तिथे जात लिहावी आणि जातीनुसार गुणांक द्यावेत, अशी कल्पना चर्चेत आली. ती मांडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. काळाशी प्रामाणिक राहण्याचा होता. मी तिला ठाम विरोध केला आणि अजूनही तो योग्यच मानतो. गुणांक देणे म्हणजे जन्माने माणसाचे बळ, बुद्धी किंवा कौशल्य ठरते असे खेळाच्या तोंडून वदवणे. तेराव्या शतकातल्या अनेकांची तशी धारणा होती हे खरे. पण खेळाचा नियम ही त्या जगातली वस्तुस्थिती असते, पात्रांची धारणा नव्हे. नियमात लिहिले की ते त्या जगात खरेच होते. आणि त्याच तेराव्या शतकात महानुभाव पंथाने स्त्रियांना आणि सर्व थरांतल्या लोकांना जवळ केले होते, म्हणजे ती धारणा तेव्हाही सर्वमान्य नव्हती.

नाशिकमध्ये बसून हा विषय दूरच्या इतिहासासारखा हाताळता येत नाही, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. ज्यांच्या घरी त्या सत्याग्रहाच्या आठवणी सांगितल्या जातात अशी माणसे या शहरात खेळाच्या टेबलाशी बसू शकतात, किंबहुना बसायला हवीत.

गटाने ठरवलेला नियम दोन भागांत आहे. पात्राच्या तक्त्यावर जन्मावर आधारलेला एकही आकडा येणार नाही; पात्राने आयुष्यात काय केले, कुठे शिकले, कुणाच्या हाताखाली राबले यावरूनच कौशल्ये ठरतील. जातीची बंधने जगाच्या वागण्यात दिसतील: विहिरीवर कोण जाऊ शकते, देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत, पंचांपुढे कुणाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. मात्र ती किती दाखवायची हे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत सर्वांच्या संमतीने ठरेल, आणि कुणालाही केव्हाही ‘हे इथे थांबवू’ असे म्हणता येईल, कारण विचारले जाणार नाही.

तीच वाडी, बदललेले नियम

नव्या नियमांनी तीच गोष्ट पुन्हा खेळली गेली. पेव रिकामे कसे झाले हे पाहायला या वेळी कुणीतरी आत उतरणे भाग होते. सिन्नरच्या खेळाडूने घरी ऐकलेले सांगितले की बंद पेवात लगेच उतरायचे नसते. कोंडलेल्या धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो आणि जड कर्बवायू तळाशी साचून राहतो. गावाने पेव उघडून तोंड पुन्हा बंद केले होते. त्यांनी आधी दोरीला बांधून पणती खाली सोडली. ती निम्म्यावर विझली. दिवसभर तोंड उघडे ठेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा पणती सोडून, मग एक जण उतरला. ज्याने घाईने उतरावे त्याला १५ च्या अवघडतेची काटकतेची चाचणी, म्हणजे फासा टाकून पात्राच्या काटकतेच्या जोरावर १५ गाठणे, लागेल असे सूत्रधाराने आधीच लिहून ठेवले होते; ती टाकण्याची वेळच आली नाही, कारण खेळाडूंना जगाचे ज्ञान होते आणि या वेळी त्या ज्ञानाचा उपयोग होता.

तळाशी ओंजळभर ज्वारी आणि भिंतीला लागलेला ताज्या मातीचा लेप सापडला. पुढच्या चौकशीत कळले की गावच्या पाटलाने देवस्थानाचे जुने देणे फेडण्यासाठी धान्य रातोरात हलवले होते, आणि तसे करण्यावाचून त्याला दुसरा मार्ग दिसला नव्हता. सत्य वदवणारा मंत्र नियमांत शिल्लक होता, पण तो वापरायचा तर क्लेरिकजवळ आठवड्याला दुसऱ्या पातळीचे जे तीन मौल्यवान स्लॉट होते त्यांतला एक जाणार होता, आणि त्याच वेळी एका घरात तापाने फणफणलेले मूल होते. क्लेरिकने मुलाकडे जाणे पसंत केले. पाटलाचा प्रश्न देवळापुढे, गावाच्या साक्षीने, शपथेवर आणि ‘दिव्य’ करावे लागण्याच्या, म्हणजे अग्निपरीक्षेसारख्या कसोटीच्या, धाकावर सोडवला गेला. त्यातून फाशांनी सत्य सिद्ध होत नाही, पण खोटी शपथ घेणाऱ्याला पुढे गावात राहणे कठीण होते, आणि पाटलाला ते ठाऊक होते.

करवंदांसाठी तिघे त्र्यंबकच्या डोंगरांकडे गेले. परतताना धनुर्धर वाटमाऱ्यांच्या हातून पडला. वाडीच्या वेशीवर उभा राहिलेला वीरगळ या मोहिमेतला पहिलाच. त्याची मधली चौकट सांगताना साथीदारांनी पाट्या टाकून त्याला खांद्यावर आणल्याचे सांगितले, म्हणजे निम्मी करवंदे वाटेतच राहिली. खेळाडूंनी हे स्वतःहून निवडले. नियमाने त्यांना तसे करायला लावले नव्हते.

या बदलांची किंमतही नोंदवायला हवी. ड्रुइड खेळणाऱ्या मुलीला आपले पात्र दुबळे झाले असे काही काळ वाटले, आणि ते पूर्णपणे चूक नव्हते: जिथे एकाच दिवसात चार झुंजी होतात तिथे आठवड्याचे स्लॉट फार लवकर संपतात. तलवारबाजाला असा फटका बसत नाही, कारण त्याची तलवार विश्रांतीवर अवलंबून नसते. गटाने यावर काढलेला तोडगा असा की सलग झुंजीच्या प्रसंगांत, उदाहरणार्थ गढीला वेढा पडला असता, सूत्रधार तात्पुरते मूळ विश्रांतीचे नियम लावू शकते, पण तसे करण्याआधी ते उघडपणे सांगावे लागते. विश्रांतीचे दोन पट्टे एकाच मोहिमेत चालवणे मला अजून पुरते पटलेले नाही. चातुर्मासातल्या घाटप्रवासाची पुढची गोष्ट याच नियमांनी खेळायची आहे, आणि पुरात अडकलेल्या दिवसांना झुंजीचा काळ मानायचे की मुक्कामाचा, हे त्याआधी मसुद्यात लिहून घ्यावे लागेल.